जपानी भिडूंबरोबर ऑनलाइन खेळताना

अनोळखी माणसांचा गट जमवून ऑनलाइन खेळ खेळणे ही गोष्ट नवी मुंबईतील महाविद्यालयीन तरुणांना आता नवी राहिलेली नाही. वाशी, नेरूळ, खारघर येथील इमारतींत रात्री कानाला हेडफोन लावून बसलेला तरुण कुणा फिलिपिनो, इंडोनेशियन किंवा सिंगापुरी खेळाडूच्या साथीने लढत असतो. त्यांच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत निभावून जाते. अडचण येते ती जपानी खेळाडूंशी गाठ पडल्यावर. ते भांडत नाहीत, शिवीगाळ करत नाहीत, खेळतातही नेटके. पण बोलत नाहीत. आणि दोन-तीन डाव फसल्यावर एकेक जण एकच वाक्य लिहून गटातून निघून जातो. भाषांतराच्या साधनात ते वाक्य घातले, तर ‘आपण दमला असाल’ असा काहीसा अर्थ निघतो. हा उपरोध आहे की आपुलकी, हे कळायला मार्ग नसतो. आपले काय चुकले, हेही कोणी सांगत नाही.

या मौनाला तुटकपणा समजणे ही आपल्या खेळाडूंची पहिली चूक होय. जपानी गटात बोलणे नसते असे नाही. ते खेळ सुरू होण्याआधी उरकलेले असते. आपण मात्र खेळता खेळता बोलून वाट काढणारे. बहुतेक गैरसमज या एका फरकातून निर्माण होतात.

गाठ कुठे पडते?

नेमबाजीच्या ‘व्हॅलोरंट’ या खेळात (जून २०२०) भारतीय आणि जपानी खेळाडूंची खाती आशिया-प्रशांत या एकाच विभागात मोडतात. मुंबई, सिंगापूर, हाँगकाँग, टोकियो व सिडनी येथे त्याचे सर्व्हर आहेत आणि कुठला पसंत करायचा हे खेळाडू ठरवू शकतो. व्यावसायिक पातळीवरही हा शेजार आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रशांत विभागाच्या लीगमध्ये भारताचा ‘ग्लोबल ईस्पोर्ट्स’ हा संघ जपानच्या ‘झेटा डिव्हिजन’ व ‘डेटोनेशन फोकसमी’ यांच्यासह उतरला. ‘पबजी मोबाइल’मध्ये कोरिया-जपानचा सर्व्हर वेगळाच होता, तरी हौशी भारतीय मुले तो निवडून तेथे जात. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात हा खेळ गेला. जुलै २०२१ मध्ये त्याचा जो अवतार आला तो केवळ भारतापुरता असल्याने ती वाट बंद झाली.

खरी कसोटी लागते ती दीर्घकाळ चालणाऱ्या सहकारी खेळांत. ‘मॉन्स्टर हंटर’मध्ये चौघे मिळून एका प्राण्याची शिकार करतात आणि सामान्यतः गटातील खेळाडू मिळून तीनदा बेशुद्ध पडले की मोहीम फसते. तीनही वेळा एकच जण पडला तरी नुकसान चौघांचे. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मधील मोठ्या लढायांना आठ जण लागतात. दहा-बारा मिनिटांच्या लढतीत एकाने चुकीच्या जागी पाऊल ठेवले, की आठही जण गारद होऊन पहिल्यापासून सुरुवात. या खेळाचे सर्व्हर जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशनिया येथे आहेत; भारतात नाहीत. त्यामुळे जपानचा पर्याय निवडणारा भारतीय खेळाडू आपसूकच जपानी वस्तीत राहायला जातो.

आधी ठरवायचे, मग खेळायचे

जपानी गटाची जाहिरात ही करारपत्रासारखी वाचावी लागते. तीत गटाचा हेतू एका शब्दात दिलेला असतो. ‘रेन्शू’ म्हणजे सराव. ‘कुरिआ मोकुतेकी’ म्हणजे लढाई जिंकण्याच्याच हेतूने आलेला गट. ‘शूकाइ’ म्हणजे जिंकलेली लढाईच बक्षिसासाठी पुन्हा पुन्हा खेळण्याच्या फेऱ्या. सरावाच्या गटात शंभर चुका चालतात. जिंकण्याच्या गटात अर्धी लढाईही न पाहिलेला माणूस शिरला, तर त्याला ‘किसेइ’ म्हणतात. मराठीत या शब्दाला अगदी नेमका प्रतिशब्द आहे : बांडगूळ. वरवर ठीक दिसणारा पण ऐन वेळी गट बुडवणारा खेळाडू हा ‘जिराई’, म्हणजे भूसुरुंग. हे शब्द तोंडावर क्वचितच उच्चारले जातात. मनात ठेवून गट सोडला जातो.

आपल्याकडे ‘बघू या, जमेल’ असे म्हणत कुठल्याही गटात शिरण्याची पद्धत आहे आणि तिच्यात वाईट हेतू नसतो. पण समोरच्या सात जणांच्या दृष्टीने तो करारभंग असतो. ‘मेइवाकु’ हा शब्द येथे समजून घ्यायला हवा. आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास, असा त्याचा अर्थ. तो होऊ नये ही शिकवण जपानी मुलाला लहानपणापासून मिळते. खेळातला दुसऱ्याचा वेळ हा त्याचाच. म्हणूनच लढाईचा आधी अभ्यास करून येणे (‘योशू’) ही हुशारी नव्हे, तर सौजन्य मानले जाते. प्रथमच येत असाल तर ‘शोकेन’ हा एक शब्द लिहावा. ‘प्रथमदर्शन’ असा त्याचा अर्थ असून तो लिहिल्यावर जपानी गट अनपेक्षित सहनशील होतो. चिडण्याचे कारण नवखेपणा नसते; लपवलेला नवखेपणा असते.

मग प्रत्येकाची जागा ठरते. गटप्रमुख तयार मजकूर चिकटवतो : कोण कुठे उभा राहील, कोणत्या हल्ल्याला कोणत्या दिशेला पांगेल. पांगण्याच्या या नकाशाला ‘सानकाइझु’ म्हणतात. येथे इंग्रजी ध्वनिफिती पाहून तयारी केलेला आपला खेळाडू हमखास फसतो. एकाच लढाईची जपानी उकल आणि इंग्रजी भाषकांची उकल पुष्कळदा वेगळी असते. खुणाही वेगळ्या. शत्रूचा मार अंगावर झेलणाऱ्या दुसऱ्या खेळाडूला इंग्रजी गटात ‘ओटी’ म्हणतात, जपानी गटात ‘एसटी’. (‘एसटी’ वाचून आपल्या डोळ्यांपुढे लाल गाडी उभी राहते, हा भाग निराळा.) आठांनी होकार दिल्यावर प्रश्न विचारणे अवघड जाते. नकाशा कळला नसेल तर त्याआधीच ‘माझी जागा कोणती?’ एवढे विचारावे. इंग्रजीत विचारले तरी कोणी रागावत नाही. न विचारता ‘ओके’ लिहिणे हे मात्र महागात पडते.

एक सोपा उपाय आहे. जपानी लिपींपैकी काताकाना ही परकी नावे व शब्द लिहिण्याची लिपी काही आठवड्यांत वाचता येऊ लागते आणि खेळातील निम्मी परिभाषा तीतच असते. शब्द मुळात इंग्रजीच असतात, फक्त उच्चार बदललेले. ‘टँक’चा ‘तांकु’ होतो, ‘हीलर’चा ‘हीरा’. जपानी भाषेच्या अधिकृत परीक्षा मुंबईत आणि पुण्यात होतात. पण खेळापुरते बघायचे, तर एवढी लिपी पुष्कळ झाली.

सांभाळून घ्या

गटात शिरताच ‘योरोशिकु ओनेगाइ शिमासु’ लिहायचे आणि संपल्यावर ‘ओत्सुकारेसामा देश्ता’. पहिल्याचे इंग्रजी भाषांतर ‘तुम्हाला भेटून आनंद झाला’ असे केले जाते आणि ते फसवे आहे. नवी सून किंवा कार्यालयातला नवा माणूस ‘मी नवीन आहे, सांभाळून घ्या’ म्हणतो, त्याच्या ते अधिक जवळचे आहे. दुसऱ्याचा भाव ‘श्रम झाले आपल्याला’ असा. हरल्यावरही तेच लिहितात, जिंकल्यावरही तेच. म्हणजे आरंभी उल्लेखिलेल्या वाक्यात ना उपरोध असतो ना विशेष आपुलकी. तो केवळ रीतसर निरोप असतो. हे दोन शब्द न लिहिणाऱ्याकडे मात्र चपलांसह घरात आलेल्या पाहुण्याकडे बघावे तसे बघितले जाते.

क्षमा मागण्याचेही तसेच आहे. जो पडला तो ‘सुमिमासेन’ म्हणतो आणि त्याला वाचवू न शकलेला उपचारक त्याच क्षणी ‘गोमेन नासाइ’ म्हणतो. चूक कोणाची, याचा त्यात निवाडा नसतो. भारतीय खेळाडूला वाटते, की माफी म्हणजे कबुली. म्हणून तो गप्प बसतो किंवा ‘लॅग होता’ असे कारण देतो. वास्तविक हे आपल्याला परके वाटू नये. गर्दीत कोणाला चुकून पाय लागला तर आपण वाकून नमस्कार करतो, तेव्हा गुन्ह्याची कबुली थोडीच देत असतो! माफीवर अपेक्षित उत्तर असते ‘दोनमाइ’, म्हणजे ‘मनावर घेऊ नका’. ‘डोन्ट माइंड’ या इंग्रजी शब्दांचाच हा जपानी अवतार, पण तो इंग्रज माणसाला कळणार नाही.

संबोधनाबाबत सावध असावे. आपल्याकडे पाच मिनिटांत ‘भाई’, ‘ब्रो’ सुरू होते. ती आपली मैत्रीची खूण आहे. जपानीत अनोळखी माणसाशी बरोबरीच्या भाषेत बोलणे (‘तामेगुची’) उर्मटपणाचे ठरते. कायमस्वरूपी मंडळे सदस्य शोधताना ‘तामेगुची चालेल’ असे मुद्दाम लिहितात, यावरूनच ती एरवी चालत नाही हे उघड आहे. खेळातल्या नावापुढे ‘सान’ लावावे. आपल्या ‘राव’ किंवा ‘जी’ इतकेच ते सोपे आहे. हसण्यासाठी जपानी खेळाडू इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षर लिहितात, कारण हसण्याला ‘वाराइ’ म्हणतात. अशी अनेक अक्षरे ओळीने आली की गवतासारखी दिसतात, म्हणून ‘कुसा’, म्हणजे गवत, या शब्दाचाही अर्थ हसू असा झाला. ‘८८८’ म्हणजे टाळ्या : आठाला ‘हाची’ म्हणतात आणि टाळीचा आवाज ‘पाची’ असा लिहितात.

माइक बंद, कान उघडे

सर्वाधिक खटका उडतो तो आवाजी संवादावरून. व्हॅलोरंटमध्ये शत्रू कुठे आहे हे बोलून सांगणे आपल्याला स्वाभाविक वाटते. अनोळखी जपानी खेळाडू पुष्कळदा माइक उघडतच नाही; नकाशावर खूण करतो. असा वाटेत भेटलेल्या भिडूंचा गट ‘नोरा’ म्हणवतो, म्हणजे भटका, जसे भटके कुत्रे. नेहमीच्या ठरलेल्या भिडूंचा गट तो ‘कोतेइ’. कोतेइ मंडळी आपसांत खूप बोलतात, थट्टामस्करी करतात. नोरा गटात बोलायचे नसते. या दोहोंच्या मध्ये ‘किकिसेन’ नावाची एक सोय आहे : माइक बंद ठेवून फक्त ऐकणारा. ‘किकिसेन चालेल’ असे जाहिरातीत लिहिलेले असेल, तर भाषा न येणाऱ्या भारतीयालाही तेथे जागा असते.

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. तेथेही भिडूला बोलून काही सांगता येत नाही. टाकलेल्या पानावरून ओळखायचे असते. फरक पुढे आहे. डाव संपला की ‘ते पान तेव्हा का नाही उतरलास?’ म्हणून आपण भिडूची हजेरी घेतो, आणि अर्धी मजा त्या हजेरीतच असते. अनोळखी जपानी भिडूला अशी हजेरी घेतलेली सार्वजनिक अपमानासारखी लागते. उलट तो काहीच न बोलता गेला की आपण दुखावतो.

‘फक्त जपानी’

हा प्रश्न जुना आहे. ‘फायनल फँटसी इलेव्हन’ हा खेळ १६ मे २००२ रोजी जपानमध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये उत्तर अमेरिकेतील खेळाडू त्याच सर्व्हरवर दाखल झाले. जपानी खेळाडू तोवर दीड वर्षाने पुढे होते. निर्मात्यांनी ठरावीक शब्दसमूहांचा एक कोश खेळातच दिला. आपण त्यातील वाक्यांश निवडला की समोरच्याला तो त्याच्या भाषेत दिसतो. आजच्या फोर्टीनमध्येही ती सोय आहे आणि आपले खेळाडू ती फारच कमी वापरतात. तरीही ‘फक्त जपानी’ अशा पाट्या तेव्हाच लागल्या. आजही गट शोधण्याच्या फलकावर केवळ जपानी भाषेची खूण केलेल्या जाहिराती दिसतात.

हा वंशभेद म्हणायचा का? काही जण परकीयांना टाळण्यासाठीच तसे लिहितात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बहुसंख्य पाट्यांचा अर्थ ‘नकाशा जपानीत आहे, तो वाचता आला पाहिजे’ एवढाच असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वाचता येत असेल तर ‘मी भारतीय आहे, जपानी थोडे वाचतो, चालेल का?’ असे विचारून पाहावे. दार कधी उघडते, कधी नाही. न विचारता घुसणाऱ्याला मात्र बाहेर काढले जाते आणि पुढच्या भारतीयासाठीही ते दार बंद होते. आपल्या बाजूचेही बोलायला हवे. आशियाई सर्व्हरवर हिंदी शिव्यांची जी ख्याती झाली आहे, ती जपानी खेळाडूंनी पसरवलेली नाही.

अंतर आणि घड्याळ

सौजन्याने न सुटणारी एक अडचण भूगोलाची आहे. ऐरोली-महापे पट्ट्यात मोठमोठी डेटा केंद्रे उभी आहेत, त्यात जपानच्या एनटीटीचेही आहे. पण सर्व्हर टोकियोत असेल तर त्यांचा उपयोग नाही. मुंबई-टोकियो सरळ अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे संदेश जाऊन परत यायला किमान ६७ मिलिसेकंद, आणि केबलचा मार्ग वळणावळणाचा असल्याने प्रत्यक्षात शंभरावर. नेमबाजीत हा विलंब जाणवतो. फायनल फँटसीत थोडे आधी हलण्याची सवय करून भागते.

जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. तेथील खेळण्याची मुख्य वेळ रात्री आठ ते अकरा, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचार ते सायंकाळी साडेसात. नवी मुंबईचा नोकरदार तेव्हा कार्यालयात किंवा हार्बरच्या गाडीत असतो. त्यामुळे त्याच्या वाट्याला रात्री जागणारे जपानी गट येतात. त्यांच्या जाहिरातीत ‘शनिवार, २५ वाजता’ असे लिहिलेले आढळते. ही छपाईची चूक नव्हे. मध्यरात्रीनंतरचे तास जपानी लोक आदल्या दिवसातच पुढे मोजतात. २५ वाजता म्हणजे रात्रीचा एक. आपल्याकडे तेव्हा शनिवारचेच साडेनऊ झालेले असतात. गट साडेनऊला भरायचा असेल तर नऊ पंचविसाला हजर राहावे. मध्येच वीज किंवा जोडणी गेली तर परत येऊन ‘सुमिमासेन’ लिहावे. गट बहुधा थांबलेला असतो.