बंद बाटलीत काय घडते?

जांभळे खाल्ली की जीभ जांभळी होते आणि तोंड आवळून येते. हाच अनुभव हिरडा, सुपारी आणि कच्चे केळे देतात. आपल्या परंपरेने या तुरटपणाला षड्रसांत स्थान दिले आहे. जांभळाचा रंग आणि त्याचा तुरटपणा ज्या रासायनिक कुळांतून येतात, त्याच कुळांतले पदार्थ काळ्या द्राक्षांच्या सालीत आणि बियांत असतात. साल-बियांसकट रस आंबवला की तांबडी वाइन तयार होते.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला बोर्दो नावाचे बंदर आहे. त्याच्या आसपासच्या मळ्यांतली उत्तम प्रतीची तांबडी वाइन ताजी असताना जांभळट, गडद आणि जिभेला आवळून टाकणारी असते. तीच बाटलीत बंद करून, आडवी ठेवून, अंधाऱ्या तळघरात पंधरा-वीस वर्षांनी उघडली तर रंग विटकरी झालेला असतो, तुरटपणा मवाळ झालेला असतो आणि ताज्या फळांच्या वासाऐवजी तंबाखूचे पान, देवदाराचे लाकूड, कातडे, ओली माती यांची आठवण देणारे वास येतात. मधल्या काळात बाटलीत कोणी काही घातले नाही, त्यातून काही काढले नाही. मग हा बदल कशाने झाला?

या प्रश्नाचे पहिले शास्त्रीय उत्तर लुई पाश्चर यांनी १८६६ साली दिले. सुमारे पासष्ट वर्षांनी त्यांच्याच एका शिष्याच्या नातवाने ते दुरुस्त केले. या लेखात मद्याची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचे उत्तर काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगावर उभे असूनही अपुरे कसे ठरले, हे आम्हाला सांगायचे आहे.

तीन द्राक्षांची एक वाइन

बोर्दोची तांबडी वाइन सहसा एकाच जातीच्या द्राक्षांची नसते. काबर्ने सोव्हिन्यों, मर्लो आणि काबर्ने फ्रांक या तीन प्रमुख जाती. प्रत्येक जातीचा रस वेगळा आंबवून नंतर त्यांचे मिश्रण करतात. यामागे चवीइतकाच हवामानाचा विचार आहे. मर्लो लवकर पिकते, पण वसंतातल्या धुक्या-दहिवरात तिचा मोहोर सापडण्याची भीती असते. काबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकते आणि शरदातल्या पावसात सापडते. एक हुकले तर दुसरे हाताशी असावे, हे जगभरच्या शेतकऱ्यांचे जुने शहाणपण येथेही आहे. १९९७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी डीएनएच्या साहाय्याने दाखवून दिले, की काबर्ने सोव्हिन्यों ही काबर्ने फ्रांक आणि सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या द्राक्षाची संतती आहे. २०२१ मध्ये तापमानवाढीचा विचार करून बोर्दोत आणखी काही नव्या जातींना थोड्या प्रमाणात परवानगी मिळाली.

मिश्रणातल्या भागीदारांची वये सारखी वाढत नाहीत. काबर्ने सोव्हिन्योंचे मणी लहान आणि सालीने जाड, त्यामुळे रसाच्या मानाने साल-बिया जास्त. म्हणून तिच्यात रंग आणि तुरट द्रव्ये भरपूर उतरतात. मर्लो गोलसर, मऊ आणि लवकर पिण्याजोगी. पहिली काही वर्षे वाइन पिववते ती मर्लोमुळे, आणि पुढची वर्षे टिकते ती बव्हंशी काबर्नेच्या बळावर, असे ढोबळ मानाने म्हणता येईल.

जुनी ती चांगली, हे कधीपासून?

आज 'जुनी वाइन' म्हणजे मोलाची असे समीकरण झाले आहे. मध्ययुगात नेमके उलटे होते. वाइन लाकडी पिंपात राहायची. पिंप अर्धे रिकामे झाले की हवा शिरे, आणि जिवाणू अल्कोहोलचे व्हिनेगर करून टाकत. म्हणून नव्या हंगामाची वाइन बंदरात आली की गेल्या वर्षीच्या मालाचा भाव कोसळे.

हे चित्र पालटण्याचे एक कारण इंग्लंडच्या आरमारात सापडते. जहाजांसाठी लाकूड राखून ठेवावे म्हणून १६१५ साली पहिल्या जेम्स राजाने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली. कारागीर दगडी कोळशाकडे वळले. कोळशाच्या भट्टीत उष्णता जास्त, त्यामुळे काच जाड, काळपट आणि मजबूत होऊ लागली. तिच्या तोंडात बूच घट्ट ठोकता येई. अठराव्या शतकात बाटलीचा आकार फुगीर कांद्यासारखा होता तो सरळ दंडगोल झाला आणि ती आडवी रचता येऊ लागली. आडव्या बाटलीत बूच ओले राहते, आक्रसत नाही, आणि हवा जवळजवळ आत येत नाही. वाइनला वृद्धत्व लाभले ते असे, काच आणि बुचामुळे. पण बाटलीत नेमके काय होते हे विचारायला अजून शंभर वर्षे जायची होती.

पाश्चर यांच्या नळ्या

१८६० साली इंग्लंड-फ्रान्स व्यापारी करार झाला आणि फ्रेंच वाइनची निर्यात वाढण्याची आशा निर्माण झाली. पण माल वाटेत बिघडे. कधी आंबट होई, कधी कडू, कधी तेलासारखा तार धरे. १८६३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने हा प्रश्न पाश्चर यांच्यापुढे ठेवला. ते आपल्या बालपणीच्या गावी, आर्ब्वाला, जुजबी प्रयोगशाळा मांडून कामाला लागले. बिघाडामागे सूक्ष्मजीव आहेत हे त्यांनी दाखवले आणि ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवून ते टाळण्याची रीत दिली. 'पाश्चरीकरण' हा शब्द आपण दुधासाठी वापरतो, पण ती रीत प्रथम वाइनसाठी योजली गेली.

त्याच कामात त्यांनी दुसरा प्रश्न हाताळला. वाइन बिघडते कशी हे कळले, पण ती पिकते कशी? मार्सेलँ बेर्तेलो या रसायनशास्त्रज्ञाने तेव्हाच म्हटले होते की ऑक्सिजन वाइनच्या सुगंधाचा शत्रू आहे. पाश्चर यांनी काचेच्या नळ्या घेतल्या. काहींत नवी वाइन काठोकाठ भरून तोंड वितळवून बंद केले. काहींत अर्धी वाइन आणि अर्धी हवा ठेवून तशाच बंद केल्या. काही नळ्या उजेडात ठेवल्या, काही अंधारात. काही आठवड्यांत अर्ध्या भरलेल्या नळ्यांत गाळ बसला, रंग जुन्या वाइनसारखा झाला, चवही तशीच झाली. काठोकाठ भरलेल्या नळ्यांत फरक दिसला नाही.

एकच घटक बदलायचा, बाकी सारे सारखे ठेवायचे, आणि तुलनेसाठी दुसरा संच ठेवायचा हा प्रयोगशास्त्राचा पाठ येथे आदर्श रीतीने गिरवलेला दिसतो. निष्कर्षही उघड होता. वाइन पिकते ती हळूहळू मिळणाऱ्या ऑक्सिजनमुळे. पिंपाच्या लाकडातून आणि बाटलीच्या बुचातून तो झिरपत असणार. १८६६ च्या त्यांच्या वाइनविषयक ग्रंथात हे मत आले आणि पाश्चर या नावाच्या वजनाने ते रूढ झाले.

शिष्याचा नातू

पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत युलिस गायों नावाचा एक तरुण काम करत असे. पुढे तो बोर्दोला गेला आणि तेथील वाइन-संशोधन केंद्राचा प्रमुख झाला. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर त्याने १८८५ च्या सुमारास मोरचूद आणि चुन्याच्या फवाऱ्याचा अभ्यास केला. तेच हे आपल्या द्राक्षबागांत आणि कोकणातल्या सुपारीच्या बागांत मारले जाणारे 'बोर्डो मिश्रण'. याच गायोंचा नातू म्हणजे झाँ रिबेरो-गायों.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रिबेरो-गायों यांनी वाइनमध्ये विरघळलेला ऑक्सिजन मोजायला घेतला. पिंपाच्या बाबतीत पाश्चर बरोबर होते. बोर्दोचे पिंप २२५ लिटरचे असते. एका पिंपातून दुसऱ्यात ओतताना, पिंपातली तूट भरून काढताना वाइनला वारंवार हवा लागते, आणि त्या हवेचा तिच्यावर परिणाम होतो. पण बाटलीत? चांगल्या बुचाच्या आडव्या बाटलीत पहिल्या काही आठवड्यांनंतर ऑक्सिजन अगदी नगण्य शिरतो, आणि बाटली भरताना विरघळलेला ऑक्सिजन वाइनमधली द्रव्ये थोड्याच दिवसांत संपवून टाकतात. त्यानंतरची दहा-वीस वर्षे वाइन जवळजवळ ऑक्सिजनविना असते. जुन्या वाइनचा सुगंध घडतो तो याच अवस्थेत. हवा लागली तर तो बिघडतो. म्हणजे बेर्तेलो यांच्या म्हणण्यातही तथ्य होते. पिंपात ऑक्सिजन हवा आणि बाटलीत नको, असे वाइनच्या आयुष्याचे दोन आश्रम ठरले.

मग पाश्चर यांच्या काठोकाठ भरलेल्या नळीचे काय? तिने दिलेले उत्तर खोटे नव्हते. ती काही आठवड्यांचे उत्तर देत होती आणि प्रश्न काही दशकांचा होता. ऑक्सिजनविना होणारे बदल इतके संथ असतात की प्रयोगाच्या मुदतीत ते दिसणारच नव्हते. 'फरक पडला नाही' या निरीक्षणाला नेहमी 'एवढ्या वेळात' अशी पुस्ती जोडावी लागते.

रिबेरो-गायों यांच्यानंतरही मोजणी थांबली नाही. २००५ च्या सुमारास बोर्दोच्याच संशोधकांनी बाटल्यांत निळीपासून केलेले एक द्रव्य भरले, जे ऑक्सिजनविना पिवळे असते आणि ऑक्सिजन लागताच निळे होत जाते. बूच बसवताना दाबले जाते तेव्हा त्याच्या पेशींतलीच हवा पहिल्या काही महिन्यांत बाटलीत उतरते, असे त्यातून दिसले. म्हणजे सुरुवातीचा ऑक्सिजन बाहेरून येण्यापेक्षा मुख्यतः बुचातूनच येत होता.

तुरटपणा जातो कुठे?

तुरटपणा हा जिभेच्या रुचिकलिकांना कळणाऱ्या चवींत शरीरशास्त्र मोजत नाही. तो बव्हंशी स्पर्श आहे. टॅनिन नावाची द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंडात घर्षण जाणवते. हिरड्याने कातडे कमावतात तेही टॅनिन प्रथिनांना धरते म्हणूनच.

टॅनिनचे रेणू साखळीसारखे असतात. जसजशी वर्षे जातात तसतशा या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन जड होतात आणि गाळ होऊन खाली बसतात, म्हणून तुरटपणा घटतो, असे बराच काळ सांगितले जाई. गाळ बसतो हे खरे. पण वाइन आम्लधर्मी असते आणि आम्लात या साखळ्या तुटतातही. तुटणे, पुन्हा जुळणे, आणि जुळताना मधेच रंगद्रव्याचा रेणू गुंफला जाणे असा खेळ वर्षानुवर्षे चालतो. नव्या घडणीच्या रेणूंची प्रथिनांवरची पकड सैल असते.

रंगाची गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. ताज्या वाइनचा जांभळटपणा अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे असतो. ती सुटी असताना अल्पायुषी असतात आणि काही वर्षांत बहुतेक नाहीशी होतात. तरी वाइन रंगहीन होत नाही. ऑस्ट्रेलियातले संशोधक सोमर्स यांनी १९७१ साली दाखवले, की टॅनिनशी जोडली गेलेली मोठी रंगद्रव्ये त्यांची जागा घेतात. ही टिकाऊ असतात आणि त्यांचा रंग विटकरीकडे झुकतो.

वासाचेही तसेच. ताज्या फळांचा वास देणारी काही एस्टर पाण्याच्या सान्निध्यात विघटित होतात. दुसरीकडे, गंधकाचे एक साधे संयुग, डायमिथाइल सल्फाइड, वर्षांगणिक वाढते आणि रानातल्या भूछत्राची आठवण देते. मुरलेल्या बोर्दोत कधी पुदिन्याची झाक लागते. तिला कारणीभूत असलेले पायपेरिटोन हे द्रव्य बोर्दोच्या संशोधकांनी २०१६ साली नोंदवले. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी, की बोर्दोची बहुतेक वाइन पहिल्या काही वर्षांतच पिण्यासाठी केलेली असते. रंग, टॅनिन आणि आम्ल यांची पुंजी मुळात मोठी असेल तरच वय मानवते. नाहीतर फळ ओसरते आणि मागे काहीच उरत नाही.

जिभेची साक्ष

ही सारी मोजमापे कशाला, जाणकाराच्या जिभेवर विश्वास ठेवू या, असे कुणी म्हणेल. बोर्दोतच झालेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे उपयोगी आहे. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन आणि वास नसलेला लाल रंग घातलेली तीच वाइन देण्यात आली. रंगीत प्याल्याचे वर्णन करताना त्यांनी तांबड्या वाइनसाठी राखलेले शब्द वापरले. डोळ्यांनी नाकाला फसवले होते. विटकरी रंग पाहताच 'मुरलेली' हा शब्द ओठांवर येत असेल, तर त्यात किती साक्ष नाकाची आणि किती डोळ्यांची, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

वर्गात या गोष्टीतले बरेच काही वाइनशिवाय करता येईल. जांभळाच्या रसाच्या दोन वाट्या घ्याव्यात, एकीत लिंबू पिळावे, दुसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा आणि रंग पाहावा. ही अँथोसायनिनचीच किमया. मग पाश्चर यांच्या दोन नळ्या फळ्यावर काढून मुलांना विचारावे, की भरलेल्या नळीत बदल दिसला नाही, यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो आणि कोणता नाही? आमचा अनुभव असा, की वर्गातले एखादे मूल तरी म्हणते, 'सर, अजून थोडे थांबायला हवे होते.' रिबेरो-गायों यांच्या कामाची सुरुवात याच वाक्याने करून देता येते.