ढिगाऱ्यातून बाहेर आलेला भिंगकार

(१) २१ जुलै १८०१. म्युनिक शहरातील एका अरुंद गल्लीत एक घर कोसळले. राजदरबारासाठी आरसे बनविणाऱ्या कारागिराचे ते घर. कारागिराची पत्नी त्यात दगावली. काही तासांच्या खटपटीनंतर ढिगाऱ्याखालून चौदा वर्षांचा एक मुलगा जिवंत निघाला. तो तेथे उमेदवारी करीत होता. पुढे हाच मुलगा युरोपातील सर्वश्रेष्ठ ऑप्टिशियन ठरला. आजचा धागा योझेफ फ्राउनहोफरविषयी.

(२) जन्म ६ मार्च १७८७, बव्हेरियातील श्ट्राउबिंग गावी. वडील खिडक्यांना काचा बसविणारे. अकरा भावंडांत हा सर्वांत धाकटा. वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत आई आणि वडील दोघेही गेले. पालकांनी त्याला आधी लाकडाच्या कातकामाला लावून पाहिले, पण त्या कष्टांना त्याची प्रकृती पुरेना. मग १७९९ मध्ये म्युनिकच्या वाइक्सेलबर्गर या आरसेवाल्याकडे सहा वर्षांच्या कराराने त्याची रवानगी झाली.

(३) त्या काळी भिंगे घासणे शिकविणारे महाविद्यालय नव्हते. शिक्षण म्हणजे उमेदवारी. उस्तादाला शिकवणीचे पैसे मोजायचे आणि काम शिकायचे; पैसे नसतील तर वर्षानुवर्षे बिनपगारी राबायचे. फ्राउनहोफरच्या वाट्याला हा दुसरा मार्ग आला. काच कापणे, घासणे, चकाकविणे हे हाताला येत गेले. मात्र काचेतून प्रकाश का वळतो, हे सांगणारे तेथे कोणी नव्हते.

(४) अपघाताच्या जागी बव्हेरियाचा राजा-निर्वाचक माक्सिमिलियन योझेफ स्वतः आला होता. वाचलेल्या मुलाला त्याने १८ डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, बक्षीस दिली. उत्झश्नायडर नावाचा एक उद्योजक व राजकारणीही त्या मुलाकडे लक्ष देऊ लागला. त्याने मुलाला गणित आणि प्रकाशकीची पुस्तके आणून दिली.

(५) उस्तादाला हे वाचन रुचले नाही. उत्झश्नायडर यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार, मुलाच्या अभ्यासात उस्तादाकडून अडथळेच येत राहिले. मुलाने मात्र बक्षिसाच्या पैशांचा उपयोग मोठ्या शहाणपणाने केला. काही नाण्यांतून त्याने काच घासण्याचे यंत्र घेतले आणि उरलेल्या रकमेतून उमेदवारीचे शेवटचे सहा महिने विकत घेऊन स्वतःला मोकळे केले.

(६) पण स्वातंत्र्याने पोट भरत नाही. भेटपत्रिकांसाठी धातूवर कोरीवकाम करण्याचा धंदा त्याने मांडून पाहिला. युद्धाच्या धामधुमीत तो बसला. अखेर त्याच जुन्या उस्तादाकडे त्याला मजुरीवर परतावे लागले. १८०६ मध्ये उत्झश्नायडर आणि त्यांचे भागीदार राइखेनबाख यांच्या उपकरण-कारखान्यात त्याला जागा मिळाली, आणि त्याच्या आयुष्याने वळण घेतले.

(७) हा कारखाना मोजणीची उपकरणे बनवी. नेपोलियनच्या काळात सैन्याला आणि महसूल खात्याला अचूक नकाशे हवे होते, आणि नकाशांना अचूक भिंगे. अडचण काचेची होती. मोठ्या काचेत रेघा आणि बुडबुडे राहत. बेनेडिक्टबॉयर्न येथील एका जुन्या मठात कारखान्याची भट्टी उभी राहिली. तेथे पिअर लुई गिनाँ हा स्वित्झर्लंडचा कारागीर वितळलेली काच भाजलेल्या मातीच्या दांड्याने ढवळून एकजीव करी. फ्राउनहोफर त्याच्याकडून हे तंत्र शिकला आणि त्यात स्वतःची भरही घालू लागला.

(८) आता दुसरी अडचण. साध्या भिंगातून पाहिले की वस्तूच्या कडेला रंगीत झालर दिसते, कारण प्रत्येक रंग वेगळ्या कोनात वळतो. दोन प्रकारच्या काचांची भिंगे जोडली की ही झालर पुष्कळ कमी होते. पण त्यासाठी प्रत्येक काच नेमका कोणता रंग किती वळविते, हे ठाऊक हवे. ‘पिवळा’ म्हणजे नक्की कोणता पिवळा? वर्णपटात एक रंग दुसऱ्यात विरघळत जातो. खूण कोठे करायची?

(९) दिव्याच्या प्रकाशात त्याला एक ठळक पिवळी रेघ दिसली होती. ती सूर्यप्रकाशातही सापडते का, हे पाहण्यासाठी १८१४ च्या सुमारास त्याने एका अरुंद फटीतून आलेले ऊन लोलकातून नेले आणि समोर दुर्बीण लावली. दिसले ते उलटेच! सूर्याच्या वर्णपटात असंख्य काळ्या रेघा होत्या. इंग्लंडमध्ये वोलॅस्टन यांना १८०२ मध्ये त्यांतील काही दिसल्या होत्या. फ्राउनहोफरने मात्र ५०० हून अधिक रेघा मोजल्या आणि ठळक रेघांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली.

(१०) या रेघा कशामुळे पडतात, हे त्याला सांगता आले नाही. ते उत्तर किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी १८५९ नंतर दिले. फ्राउनहोफरला हवी होती ती मापनाची खूण, आणि ती मिळाली होती. रेघ आपली जागा सोडत नाही. म्हणून आता कोणत्याही काचेचा अपवर्तनांक नेमक्या खुणेवर मोजता येऊ लागला. भिंगे बनविण्याचा धंदा अंदाजावरून गणितावर आला तो येथे.

(११) विद्वानांनी त्याला सहज आपल्यात घेतले नाही. म्युनिकच्या विज्ञान अकादमीत प्रवेश देताना, विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या कारागिराला हा मान कसा द्यावा, असा आक्षेप निघाला. तरीही १८२२ मध्ये एर्लांगेन विद्यापीठाने त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली आणि १८२४ मध्ये राजाने सरदारकी. त्याच वर्षी त्याची २४ सेंटीमीटर भिंगाची दुर्बीण डोर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातील टार्टू, येथे पोहोचली. त्या काळी तिच्या जातीची ती सर्वांत मोठी दुर्बीण होती.

(१२) येथे कथेला एक गाठ आहे. ज्याला वाचू दिले जात नव्हते, त्याच मुलाच्या भट्टीची दारेही पुढे इतरांना बंद राहिली. रेघांवरून काच कशी मोजावी, हे त्याने जाहीर निबंधात लिहिले. काच कशी वितळवावी, हे मात्र गुपित राहिले, कारण संस्थेची कमाई त्यावर चाले. १८२४ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल त्याला भेटायला गेले. त्यांनाही काचेची कृती कळली नाही. लंडनमध्ये मायकेल फॅराडे यांनी चांगल्या काचेच्या प्रयोगांत कित्येक वर्षे घालविली, तरी जर्मन काचेची बरोबरी साधली नाही.

(१३) ७ जून १८२६ रोजी क्षयाने फ्राउनहोफरचा मृत्यू झाला. वय ३९. त्याच्या कार्यशाळेची उपकरणे मात्र काम करीत राहिली. तेथील उपकरणावरून बेसेल यांनी १८३८ मध्ये एका ताऱ्याचे अंतर मोजून जाहीर केले. तेथीलच दुर्बिणीतून १८४६ मध्ये बर्लिनला नेपच्यून सापडला. भट्टीचे गुपितही कायमचे कोंडून राहिले नाही. गिनाँच्या वारसांमार्फत ते फ्रान्सला आणि तेथून पुढे इंग्लंडला गेले.

(१४) आता आपल्याकडे या. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात (आज कर्नाटकात) भारताच्या सर्वेक्षण खात्यातील एक लष्करी अधिकारी वर्णपटदर्शक लावून बसला होता. नाव जॉन हर्शेल. १८२४ मध्ये फ्राउनहोफरला भेटलेल्या हर्शेल यांचाच हा मुलगा. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांत त्याला तेजस्वी रेघा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाळा वायूच्या होत्या. त्या रेघांपैकी ‘डी’ जवळची एक पुढे हेलियम या नव्या मूलद्रव्याची ठरली. ‘डी’ हे अक्षर कोणी दिले, हे आपण वर पाहिलेच.

(१५) आज ऑप्टिशियन होऊ पाहणारा विद्यार्थी चष्म्याच्या काचेचे ‘ॲबे मूल्य’ शिकतो. साध्या प्लॅस्टिक भिंगाचे ते सुमारे ५८, तर पॉलिकार्बोनेटचे सुमारे ३०. आकडा जितका लहान, तितकी कडेची रंगीत झालर अधिक. हे मूल्य काढताना ‘एफ’ आणि ‘सी’ या रेघांचा आधार घेतात. ती अक्षरे फ्राउनहोफरचीच. उमेदवारीचे सहा महिने विकत घेणाऱ्या त्या पोरक्या मुलाची खूण आज आपल्या नाकावरच्या चष्म्यातही आहे.

धागा समाप्त.