सिन्नर परिसरातील खनिज व जीवाश्म संकलन

स्फटिक, खडक आणि जीवाश्म (प्राचीन जीवांचे शिळारूप अवशेष) हौसेने वा अभ्यासासाठी शोधून जमविण्याचा व्यासंग महाराष्ट्रात सु. दोनशे वर्षे चालत आला आहे. नाशिकच्या आग्नेयीस सु. ३० किमी. अंतरावरील सिन्नर व त्याच्या भोवतालचा प्रदेश हे या व्यासंगाचे अलीकडच्या काळातील एक प्रमुख क्षेत्र होय. येथील संकलनाचा इतिहास मुख्यतः विहिरी, दगडखाणी, रस्ते व लोहमार्ग यांच्या खोदकामाशी निगडित आहे. शोधकाने मुद्दाम केलेल्या उत्खननाचा त्यातील वाटा अल्प असून अन्य कारणासाठी फोडलेल्या खडकातून जे बाहेर पडले, त्यातूनच बहुतेक संग्रह सिद्ध झाले आहेत.

सिन्नरचा सर्व परिसर दक्षिण ट्रॅपच्या खडकांचा आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठातील भेगांतून लाव्ह्याचे प्रचंड लोट वाहिले व ते एकावर एक थिजून बेसाल्टाचे आडवे थर तयार झाले. लाव्ह्यातील वायू निसटून जाताना प्रवाहाच्या वरच्या भागात असंख्य लहानमोठी कुहरे (पोकळ्या) राहिली. पुढे या कुहरांतून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने खडकातील सिलिका, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम इ. घटक विरघळवून घेतले आणि त्यांपासून कुहरांच्या भिंतींवर स्फटिक वाढले. म्हणजे ही खनिजे खडकाच्या मानाने उत्तरकालीन असून काही ठिकाणी ती लाव्हा थिजल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी तयार झाली आहेत. विहीर खोदणारे कारागीर अशा कुहरयुक्त, पांढरे ठिपके असलेल्या मऊ खडकाला ‘मांजऱ्या’ म्हणतात. घडाईच्या दगडाला तो निरुपयोगी ठरतो. सिन्नरच्या प्रसिद्ध गोंदेश्वर मंदिराचा यादवकालीन पाथरवट घट्ट काळ्या पाषाणाच्या शोधात असणार. त्याने जो दगड टाकून दिला असता, तोच खनिज-संकलकाला हवा असतो.

कुहरांत मिळणाऱ्या खनिजांत झिओलाइट गटातील खनिजे प्रमुख आहेत. तापविले असता ती पाणी सोडून उकळल्यासारखी फसफसतात. म्हणून स्वीडिश खनिजवैज्ञानिक क्रूनस्टेट यांनी १७५६ मध्ये ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे हे नाव दिले. गवताच्या पेंढीसारख्या जुडग्यांत वाढणारे स्टिल्बाइट, मोत्यासारखी चमक असलेले ह्यूलँडाइट, सुयांच्या झुबक्यांचे स्कोलेसाइट व मेसोलाइट ही त्यांतील नेहमी आढळणारी होत. ॲपोफिलाइट हे रचनेच्या दृष्टीने झिओलाइट नव्हे, तथापि ते त्यांच्याच सोबत आढळते. त्याचे रंगहीन किंवा हिरवे स्फटिक संग्राहकांच्या विशेष आवडीचे आहेत. हा हिरवा रंग त्यातील अत्यल्प व्हॅनेडियमामुळे येतो. यांखेरीज कॅल्साइट, गारगोटी, अकीक व कॅल्सेडोनी हीही मुबलक मिळतात. गारगोटीचा परिचय मात्र खेड्यातील माणसाला फार जुना आहे. चकमकीने ठिणगी पाडण्यासाठी ती घरोघर वापरात होती.

दख्खनच्या खनिजांची शास्त्रीय नोंद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाली. मुंबई इलाख्यात सांख्यिकीय माहिती गोळा करण्याच्या कामावर असलेले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या भूरचनेवरील आपल्या निबंधात (१८३६) येथील आडवे थर, कुहरयुक्त खडक व त्यांतील खनिजे यांचे वर्णन केले. त्याआधी १८३१ मध्ये हेन्री जेम्स ब्रुक या इंग्रज खनिजवैज्ञानिकाने पुण्याकडून गेलेल्या एका सुईसारख्या खनिजाला ‘पूनालाइट’ असे नाव दिले होते. पुढे ते मेसोलाइटच असल्याचे ठरून हे नाव खनिजांच्या यादीतून गळाले. हा प्रसंग किरकोळ वाटला, तरी त्यात पुढील शतकभराच्या संकलनातील मुख्य दोष दिसून येतो. ‘पुणे’ हा शब्द विलायतेतील संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर गाव, जिल्हा किंवा सबंध दख्खन अशा कोणत्याही अर्थाने लिहिला जाई. नमुना कोणत्या टेकडीतला, किती खोलीवरचा, कोणत्या लाव्हा प्रवाहातला हे त्यावरून कळण्यास मार्ग नाही. स्फटिक टिकला, पण त्याचे ठिकाण हरवले.

बोरघाट (१८५६–६३) व थळ घाट (१८६५ मध्ये खुला) या लोहमार्गांच्या बांधणीत सह्याद्री प्रथमच मोठ्या प्रमाणावर फोडला गेला. बोरघाटात २५, तर थळ घाटात १३ बोगदे खोदावे लागले. या कामांत झिओलाइट व ॲपोफिलाइट यांच्या मोठ्या पोकळ्या उघड्या पडल्या आणि बोरघाटातील नमुने यूरोपातील संग्रहालयांत पोहोचले. सुरुंगाच्या कामावरील मजुरांनी ते काढले, अभियंत्यांनी व अधिकाऱ्यांनी ते पाठविले. मजुरांची नावे कोणत्याही चिठ्ठीवर नाहीत. बोरघाटाच्या बांधकामात साथीच्या रोगांनी व अपघातांनी हजारो माणसे मेली, हे त्या सुंदर स्फटिकांकडे पाहताना सहसा ध्यानात येत नाही.

जीवाश्मांची गोष्ट निराळी आहे. तप्त लाव्ह्यात जीवांचे अवशेष टिकत नाहीत. त्यामुळे सिन्नरच्या काळ्या पाषाणात जीवाश्म शोधणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. मात्र दोन लाव्हा प्रवाहांमधील शांततेच्या काळात तळ्यांतून व दलदलीतून साचलेल्या गाळाचे पातळ थर (अंतरा-ट्रॅपी थर) काही ठिकाणी आढळतात व त्यांत शंख-शिंपले, वनस्पती, मासे, बेडूक यांचे अवशेष मिळतात. पश्चिम महाराष्ट्रात असे थर विरळ असून नागपूरकडे ते अधिक आहेत. मुंबईतील वरळी येथील थरात सापडलेल्या चिमुकल्या बेडकाचे वर्णन रिचर्ड ओएन यांनी १८४७ मध्ये केले. इंडोबॅट्राकस या प्रजातिनामाने तो आज ओळखला जातो. तेथीलच एका कासवाचे वर्णन हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ मध्ये केले. वरळीचा तो भाग पुढे नगराच्या बांधकामाखाली गेला.

या क्षेत्रात नाव घ्यावे असे संकलक म्हणजे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) होत. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरच्या आसपास पायी व घोड्यावरून हिंडून जीवाश्म गोळा केले आणि त्यांवरील निबंध १८५५ व १८६० मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. हिस्लोपाइट हे खनिजनाम त्यांच्यावरून पडले. व्यवसायाने धर्मोपदेशक असूनही त्यांची शिस्त व्यावसायिक शास्त्रज्ञाची होती : टाकळीसारख्या लहान गावांची नावे व थरांचा क्रम त्यांच्या लेखनात आढळतो, आणि म्हणून नंतरच्या संशोधकांना त्याच जागी परत जाता आले. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील मणक्यांवरून रिचर्ड लिडेकर यांनी १८७९ मध्ये टायटॅनोसॉरस या डायनोसॉराची एक जाती निश्चित केली व त्याच गावच्या विष्ठाश्मांवर चार्ल्स मॅटली यांचा निबंध १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. गावाचे नाव नीट नोंदले गेले, तर एका पिढीचे काम दुसऱ्या पिढीच्या उपयोगी पडते ते असे. टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप यांचा अंत झाला.

सिन्नरकरांना जीवाश्मांचा जवळचा मुलूख म्हणजे गोदावरीचे खोरे. सिन्नरच्या उत्तरेस निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथे गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नदीने जुन्या गाळाचे उभे काठ कोरले आहेत. येथील गाळात मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये केली. हा हत्ती आजच्या हत्तीहून आकाराने मोठा असून तो प्लाइस्टोसीन काळातील होता. तत्पूर्वी १८६५ मध्ये वायन यांना पैठणजवळील मुंगी येथे गोदावरीच्या अस्थियुक्त वाळू-गोट्यांच्या थरात माणसाने घडविलेला अकीकाचा छिलका मिळाला होता. भारतातील अश्मयुगीन मानवाच्या अगदी आरंभीच्या पुराव्यांपैकी तो एक होय. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील ह. धी. सांकलिया यांनी या खोऱ्यातील पुराश्मयुगीन हत्यारांचा अभ्यास करून त्यावर १९५२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. येथे थराचे महत्त्व सर्वाधिक आहे. पुराने काठावरून वाहून आणलेले हाड कितीही पूर्ण असले, तरी ते कोणत्या थरातील हे माहीत नसल्यास त्यावरून काळ ठरविता येत नाही. उलट, थरात जागच्या जागी असलेला दाताचा तुकडा अमूल्य ठरतो. हौशी संकलक हाड पूर्ण निघावे म्हणून घाई करतो व थराचे चित्र काढायचे विसरतो, असे अनेकदा घडते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्फटिक-संकलनाला व्यापाराचे रूप आले. १९७०च्या सुमारास व त्यानंतर परदेशी संग्राहकांकडून मागणी वाढली, तशी नाशिक, पुणे, जळगाव, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांतील दगडखाणींवर लक्ष गेले. नाशिकजवळील पांडवलेणीच्या टेकडीलगतच्या खाणी हिरव्या ॲपोफिलाइटासाठी जगभर प्रसिद्ध झाल्या. नाशिक येथे सापडलेल्या पॉवेलाइटाचे वर्णन रुस्तुम कोठावाला यांनी १९८२ मध्ये ‘द मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड’ या अमेरिकी नियतकालिकात केले. पॉवेलाइट हे कॅल्शियमाचे मॉलिब्डेट असून ते जंबुपार किरणांत पिवळसर चमकते. बेसाल्टाच्या कुहरात मॉलिब्डेनमाचे खनिज एवढ्या मोठ्या स्फटिकांत मिळावे, ही अभ्यासकांना अनपेक्षित अशी गोष्ट होती. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतून १९८०च्या दशकाच्या अखेरीस निळे कॅव्हान्साइट मोठ्या प्रमाणात मिळू लागले. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचे ॲपोफिलाइट २००० नंतर पुढे आले.

सिन्नर तालुका अवर्षणप्रवण असल्याने येथे विहिरी खोल न्याव्या लागतात. खोदकाम मुरूम ओलांडून कठीण खडकात शिरले, की सुरुंग लावतात. मांजऱ्या लागला, तर पाण्याची आशा वाटते आणि त्याच थरात एखादे मोठे कुहर फुटून स्फटिकांनी भरलेली पोकळी दिसते. ती पाहायला मिळण्याचा अवधी अत्यल्प असतो. खडीकेंद्राच्या खाणीत तर तो काही तासांचाच. निघालेला दगड त्याच दिवशी भरडला जातो. खाणमालकाचा परवाना खडी, डबर व मुरूम यांसाठी असतो आणि स्फटिक ही त्याच्या लेखी अडचण असते. अशा वेळी व्यापाऱ्याने स्फटिक उचलला नाही, तर त्याची खडी होते, हे नाकारता येत नाही. मात्र स्पर्धेच्या भीतीने व्यापारी खाणीचे नाव लपवितो वा दुसरेच सांगतो, आणि ‘पूनालाइट’च्या काळातील दोष नव्या रूपात पुढे चालू राहतो. प्रस्तुत लेखकाच्या मते लूट हा शब्द या व्यवहाराला सरसकट लावणे अन्यायाचे आहे. खरी हानी नमुना बाहेर जाण्याने होत नाही, इतकी ती त्याचे ठिकाण खोटे नोंदले जाण्याने होते.

संकलकाच्या अडचणी व्यावहारिकही आहेत. न उडालेला सुरुंग, सैल झालेली दरड व विहिरीत एकाएकी फुटणारा झरा हे धोके नित्याचे. पोकळी सापडली, तरी स्फटिक शाबूत काढणे कौशल्याचे असते. ॲपोफिलाइट एका दिशेने सहज पाटन पावते, म्हणून त्याच्याजवळ छिन्नी मारता येत नाही. भोवतालचा खडक हळूहळू तोडून तुकडा सुटा करावा लागतो. स्कोलेसाइटाच्या सुया बोटाच्या स्पर्शाने मोडतात. लॉमोंटाइट कोरड्या हवेत पाणी गमावून काही काळाने भुगा होते. त्यामुळे उन्हाळ्यात काढलेला सुंदर नमुना घरी पोहोचून पांढरी माती झाल्याचे पाहण्याची पाळी अनेकांवर येते. चुन्याची पुटे काढण्यासाठी आम्ल वापरावे, तर अनेक झिओलाइटे त्यात विरघळून गोंदासारखी होतात. जुने जाणते मजूर हे सर्व पुस्तकाशिवाय ओळखतात. पहारीचा आवाज बदलला, की आत पोकळी आहे, हे त्यांना कळते. पिढ्यानपिढ्या दगडाचे काम करणाऱ्या वडार समाजाच्या या ज्ञानाची पद्धतशीर नोंद मात्र कोणी केल्याचे आढळत नाही.

सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत माजी नौसैनिक के. सी. पांडे यांनी २००१ मध्ये ‘गारगोटी’ हे खाजगी खनिज संग्रहालय सुरू केले. दख्खनच्या कुहरांतील झिओलाइट, ॲपोफिलाइट, कॅल्साइट इत्यादींचे मोठे नमुने तेथे मांडलेले आहेत. ज्या तालुक्यातून स्फटिक पेट्यांत भरून बाहेर जात, तेथेच ते शाळकरी मुलांना पाहावयास मिळू लागले, हा बदल लहान नाही. समृद्धी महामार्गासाठी याच तालुक्यात खडकाची मोठी खोदाई झाली व त्याचा शिर्डी–भरवीर टप्पा मे २०२३ मध्ये खुला झाला. बोरघाटाच्या काळी जे काम महिनोन्‌महिने चाले, ते आता यंत्रे काही दिवसांत उरकतात. त्यामुळे ताजी कड न्याहाळण्यास अवसर थोडा मिळतो. भूवारसा-स्थळे व भू-अवशेष यांच्या जतनासाठी केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात जीवाश्म व खनिजे या दोहोंचा विचार आहे. परंतु खडीच्या खाणीत एका दुपारी उघडणाऱ्या कुहराची नोंद कोणी व कशी करावी, हा प्रश्न वेगळाच आहे. तूर्त तरी ती नोंद खाणीवरच्या मुकादमाची स्मरणशक्ती आणि स्फटिक विकत घेणाऱ्याची वही यांवर अवलंबून आहे.