धागा : मोडी दप्तर, डेटाबेस आणि न बसणारे पॅकेज

पेण-रोह्याकडील जुन्या मोडी कागदांची सूची आपण संगणकावर करीत आहात असे समजा. लिनक्सची नवी आवृत्ती घेतली आणि सूची उघडेनाशी झाली. मायएसक्यूएल पुन्हा बसवू पाहावे, तर उत्तर येते : या नावाच्या पॅकेजची बसवण्याजोगी आवृत्तीच नाही. हा वरवर तांत्रिक दिसणारा नकार म्हणजे एका मालकीवादाचा अवशेष आहे.

मायएसक्यूएलचा जन्म १९९५ चा. मायकेल विडेनियस या फिनलंडच्या प्रोग्रामरने त्याला आपल्या ‘माय’ या थोरल्या कन्येचे नाव दिले. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरना घेतली, आणि जानेवारी २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. डेटाबेसच्या बाजारातील सर्वांत बलाढ्य विक्रेत्याच्या हाती आपला मुक्त प्रतिस्पर्धी जावा, हे विडेनियस यांना मानवणारे नव्हते. त्यांनी २००९ मध्येच मूळ संहितेवरून वेगळी शाखा काढली. तिला धाकट्या कन्येचे नाव मिळाले : मारियाडीबी.

पुढे लिनक्सच्या वितरणांनी बाजू निवडली. फेडोराने २०१३ मध्ये मारियाडीबी स्वीकारली; डेबियनने जून २०१७ मधील नवव्या आवृत्तीत. उबंटूने मात्र मायएसक्यूएल राखले.

आपल्या जिल्ह्याचे उदाहरण इथे उलट्या बाजूने लागू पडते. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्हा ‘रायगड’ झाला : भूमी तीच, नाव नवे. डेबियनमध्ये आज्ञांची नावे बऱ्याच अंशी जुनीच राहिली, आतला सर्व्हर तेवढा बदलला. प्रारंभी दोन्ही शाखा इतक्या सारख्या होत्या की एकीचे फोल्डर दुसरीला सहज वाचता येई. २०१८ मध्ये मायएसक्यूएल ८.० आले, त्याची अंतर्गत रचना बदलली आणि तो मार्ग बंद झाला. आता मारियाडीबी बसवताना न पेलणाऱ्या आवृत्तीची खूण सापडली, तर डेबियनचे पॅकेज जुन्या फोल्डरच्या नावाला आवृत्तीचा क्रमांक जोडून ते बाजूला ठेवते आणि नवे, रिकामे फोल्डर उघडते. सूची नाहीशी झाली असे वाटते ते यामुळे. ती शेजारीच असते.

खरा धोका दुसरीकडे आहे, आणि तो अधिक जुना आहे. सप्टेंबर २००२ मध्ये मायएसक्यूएल ४.१ च्या घडणीत एक छोटासा बदल झाला : ‘यूटीएफ-८’ या नावाखाली एका अक्षराला तीनच बाइट मिळतील. देवनागरीचे काम तिनांत भागते, म्हणून मराठी माणसाला त्याची झळ लागली नाही. मोडीची कथा निराळी. अंशुमन पांडे यांच्या २०११ च्या प्रस्तावानंतर मोडीला २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये स्थान मिळाले, पण ते अशा विभागात की प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. शतकानुशतके खरेदीखते, हिशेब, खोत-कुळांचे व्यवहार जिच्यात लिहिले गेले ती लिपी, आणि तिच्यासाठी एक बाइट कमी!

चार बाइटांचा ‘यूटीएफ-८-एमबी-४’ हा प्रकार २०१० मध्ये आला खरा, पण मायएसक्यूएलमध्ये तो मूळ निवड झाला ८.० पासून. त्याआधीच्या सैल मांडणीत पहिल्या मोडी अक्षरापाशी ओळ तुटे, किंवा अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत. काम थांबत नसे. केवळ एक इशारा नोंदवला जाई, आणि तो वाचतो कोण?

म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. जुने पॅकेज समूळ काढण्याची घाई करू नये. त्या आज्ञेत माहितीही पुसली जाऊ शकते. आधी फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मग ज्या आवृत्तीने सूची लिहिली, त्याच आवृत्तीचा सर्व्हर वेगळ्या संगणकावर चालवून मजकूररूपात निर्यात करावी. त्या वेळी चार बाइटांचा प्रकार स्पष्ट सांगावा. मायएसक्यूएल ५ च्या काळातील निर्यातसाधन आपणहून तीन बाइटांचाच धरी, आणि मग जतन केलेल्या प्रतीतच प्रश्नचिन्हे शिरत. मायएसक्यूएल ८ ची निर्यात मारियाडीबीत घेताना अक्षरक्रमाचे नाव अनोळखी असल्याची तक्रार आली, तर फाइलमध्ये ते नाव बदलले की पुरते.

आयात झाल्यावर एकूण नोंदी मोजून थांबू नये. एखादी लांब मोडी ओळ उघडून शेवटपर्यंत वाचावी. जी ओळ साठवतानाच तुटली होती, ती कोणत्याही पॅकेजने परत येणार नाही. ती पेणच्या किंवा रोह्याच्या माळ्यावरील मूळ कागद पुन्हा उलगडूनच लिहावी लागेल.