लहानग्यांचें घोडें

घोड्याची योग्यता त्याच्या उंचीवरून ठरते, ही समजूत जुनी आहे. परंतु इतिहासानें ती वारंवार खोटी पाडली आहे. वऱ्हाडांतील श्रोत्यांस याचें प्रत्यंतर आपल्याच डोंगरांत मिळेल. धारणीच्या आग्नेयेस गाविलगड उभा आहे. १८०३ च्या डिसेंबरांत कर्नल स्टीव्हन्सनची फौज एलिचपुराहून मेळघाटच्या रानांतून त्या किल्ल्याच्या उत्तर अंगास गेली. ७ तारखेस निघालेली ही फौज १२ तारखेस तेथें पोहोंचली. वाटा नव्यानें कराव्या लागल्या, आणि जड तोफा बहुतेक वाटभर माणसांनींच हातांनीं ओढल्या. १५ तारखेस किल्ला पडला. अशा मुलुखांत थोराड जनावराचा मोठेपणा फुकट जातो. जें लहान, काटक, खुरांचें घट्ट आणि थोड्या वैरणीवर तगणारें, तेंच तेथें कामास येतें.

मराठ्यांच्या घोडदळाचें मर्म हेंच होतें. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील देशी घोड्यांत अरबी, इराणी रक्त मिसळून भीमथडीची जात झाली, असें मानतात. हा घोडा उंचीनें बेताचा, पण दमाचा. १७२८ सालीं पालखेडास बाजीरावानें निजामाला कोंडलें, तें जड तोफखान्याच्या जोरावर नव्हे, तर अशा हलक्या घोडदळाच्या वेगावर. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, पागा मोडल्या आणि या घोड्याला गिऱ्हाईक उरलें नाहीं. त्याला जगविलें तें धनगरांनीं. धनगराचें सगळें बिऱ्हाड या तट्टावर चालतें: वळकट्या, भांडीं, दमलेलीं कोंकरें, आणि सर्वांवर बसलेलें घरांतलें मूल. मुलाला निर्धास्तपणें ज्याच्या पाठीवर सोडावें असें घोडें महाराष्ट्रांत होतें. पण त्याची वंशावळ कोणी लिहिली नाहीं.

याच्या उलट गोष्ट वेल्सची. तेथील डोंगरांतहि असेंच लहान घोडें शतकानुशतकें गवत-झुडपांवर वाढलें. १९०१ सालीं तेथें या घोड्यांसाठीं संस्था निघाली आणि लौकरच वंशावळीची वही छापली गेली. चार इंचांची एक मूठ धरून मोजावयाचें, तर त्या वहीच्या पहिल्या वर्गांतील डोंगरी घोडें १२ मुठींपेक्षां, म्हणजे ४८ इंचांपेक्षां उंच चालत नाहीं. दुसऱ्या वर्गाची मर्यादा १३ मुठी २ इंच. १८९४ सालीं जन्मलेला डायॉल स्टारलाइट हा घोडा याच नोंदींमुळें पुढील कित्येक पिढ्यांचा मूळपुरुष म्हणून ओळखला जातो. इंग्लंडांतील प्रदर्शनांत अगदीं लहान मूल खोगिरावर आणि दोरी मोठ्या माणसाच्या हातीं, अशी स्पर्धा असते. तीसाठीं हा पहिला वर्ग विशेष पसंत केला जातो.

तेथें परीक्षक पाहतो तें केवळ रूप नव्हे. पाठ फार रुंद नसावी, नाहींतर मुलाच्या मांड्या ताणतात व बैठक सुटते. खांदा तिरपा असावा, म्हणजे पाऊल मोकळें पडतें व हिसका बसत नाहीं. खूर घट्ट, डोळा शांत, कान जागे. सर्वांत मोठी कसोटी स्वभावाची: छत्री उघडली, कुत्रें भुंकलें, तरी जें बिथरत नाहीं तें मुलाचें घोडें. नवशिक्या मुलाला नवशिकें शिंगरूं देऊं नये. दांत पाहून वय ठरवावें आणि सहा-सात वर्षांपुढचें, माणसाळलेलें जनावर घ्यावें. घोडी किंवा खच्ची केलेला घोडा बरा. अंडील घोडा मुलाच्या हातीं नको.

मेळघाटच्या कडेनें वाहणारी तापी पुढें सारंगखेड्याला जाते. तेथें दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक उंची पाहतें, रेवाल चाल पाहतें, भोंवरे मोजतें. देवमण आणि पंचकल्याणी यांना मान मिळतो. भोंवऱ्यांचें शास्त्र जुनें आहे. परंतु मूल पाठीवर असतां घोडें काय करील, हें भोंवरा सांगत नाहीं. तें त्याच्या आईबापांचा स्वभाव सांगतो, आणि तो कळण्यास नोंद लागते. मोठ्या मारवाडी, काठेवाडी घोड्यांच्या झगमगाटांत लहान तट्टू मागें उभें राहतें, तें या उणीवेमुळेंहि.

ही उणीव भरून निघण्यास आरंभ झाला आहे. २०२४ सालीं राष्ट्रीय संस्थेनें भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली; वेल्सच्या वहीनंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं. तथापि जातीची नोंद म्हणजे वंशावळ नव्हे. कोणतें शिंगरूं कोणत्या घोडीचें, तें कसें वागलें, त्याच्यावर कोणतें मूल निर्भयपणें बसलें, हें पिढ्यान्‌पिढ्या लिहिलें गेलें, तरच निवड करणें शक्य होतें. एकदां घोड्यावरून पडून बसलेली भीति मुलाच्या मनांतून सहसा जात नाहीं. आणि मुलें बसेनाशीं झालीं, कीं लहान घोड्याला जगण्याचें कारणहि उरत नाहीं. धनगराच्या बायकामुलांनीं डोळ्यांनीं जपलेलें हें ज्ञान कागदावर येणें, हेंच आतां उरलेलें काम आहे.