तुमच्या फोनमधला 'ल' कुणाचा?

हा एपिसोड ऐकण्याऐवजी वाचत असाल, तर आधी एक काम करा. या ओळीतला 'ल' नीट बघा. त्याच्या उजवीकडे सरळ उभा दंड आहे, की दोन पाकळ्या आहेत?

का विचारतेय, सांगते. आमच्या टीमनं एका अ‍ॅपची मराठी आवृत्ती बनवली. मी हौसेनं आईला दाखवली. ती निवृत्त प्राथमिक शिक्षिका. म्हणाली, "शब्द मराठी आहेत गं, पण अक्षर हिंदी आहे." मला हसू आलं. युनिकोडमध्ये दोन्ही 'ल'चा कोड एकच, मग फरक कसला?

फरक वळणाचा. आपल्या नागपूरला तर हे नवीन नाही. १९५६पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी-मराठी इथे शेजारीशेजारी नांदल्या. आजही सीताबर्डीच्या पाट्या वाचत चला, दोन्ही 'ल' भेटतात. पेंटरच्या हाताला लहानपणी जे वळण लागलं, तेच ब्रशमधून उतरतं.

फॉन्टमागेही असाच एक हात असतो. विंडोजमधला 'मंगल' आठवतो? तो र. कृ. जोशींचा (१९३६–२००८). मराठी कवी आणि सुलेखनकार. आधी जाहिरात क्षेत्रात, मग आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिक्षक, पुढे एनसीएसटीत फॉन्टचं काम. त्यांच्या कवितेत अक्षरांची मांडणीच अर्थ सांगते. 'देशनागरी' ही भारतीय भाषांसाठीच्या सामायिक लिपीची कल्पनाही त्यांचीच.

आता गंमत बघा. एवढ्या मराठी माणसाच्या 'मंगल'मध्ये 'ल' उमटतो तो दंडाचा! आधी मला हे खटकलं. मग वाटलं, जोशींना घडवणारं फक्त मराठीपण नव्हतं, देशभरच्या लिप्यांचं वेडही होतं. ते दोन्ही त्यांच्या कामात आहे. शिवाय हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत सगळं एकाच फॉन्टनं सांभाळायचं, तर डिफॉल्ट एकच ठेवावा लागतो. आणि डिफॉल्ट ठरला की कुणाच्या तरी शाळेतला फळा स्क्रीनवर येतो, कुणाचा तरी पुसला जातो.

राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०२२च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' सांगितला. पण कागदावरचा नियम आपोआप फोनमध्ये शिरत नाही. एका फॉन्टमध्ये दोन्ही वळणं ठेवता येतात. मजकूर मराठी आहे, हे मात्र अ‍ॅपनं सांगावं लागतं. आम्ही स्क्रीन हिंदीवरून कॉपी केली होती आणि भाषेचा कोडही हिंदीच राहिला होता. चूक माझीच. मी कोड बदलला, मराठी वळणं असलेला फॉन्ट घेतला आणि पुन्हा आईपुढे फोन धरला.

तिनं चष्मा वर केला. "हं, आता कसं! हा मी मुलांना शिकवलेला 'ल'."

बीटेकच्या चार वर्षांत मी फॉन्टकडे नुसती फाइल म्हणून बघितलं. तुमच्या फोनमधला 'ल' कुठल्या शाळेतला निघाला, कळवा बरं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!