मोडीचा भाव

गोव्यात कोकणी बोलणाऱ्या माणसासमोर 'भांगार' म्हटले, की त्याला सोने आठवते. आपल्याकडे 'भंगार' म्हटले, की गंजलेला पत्रा डोळ्यासमोर येतो. माझे कात्रजला भंगाराचे दुकान आहे. या दोन अर्थांमधल्या अंतरावरच आमचा सगळा धंदा चालतो. हा धंदा करायला काय लागते, असे लोक विचारतात. जागा, काटा आणि थोडे भांडवल, एवढे सांगून भागते. पण त्या काट्याला बराच मोठा इतिहास आहे. आज तो सांगावासा वाटतो.

जुनी वस्तू विकत घेण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. पूर्वी तांब्या-पितळेचे भांडे फुटले, झिजले, तर ते टाकून देत नसत. दुकानात नेऊन त्याची 'मोड' देत. मोडीचे वजन होई, तेवढे पैसे वळते होत आणि वर थोडी भर घालून नवे भांडे घरी येई. 'मोडीत काढणे' हा शब्द आपण आज माणसांबद्दलही सहज वापरतो. पण भांडे मोडीत निघाले, तरी त्याच्या धातूची किंमत शिल्लक राहत असे. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या पत्र्यावर हातोड्याचे ठोके पडत, आणि जुन्या धातूला नवा घाट मिळे.

कपड्यांचेही तसेच. दुपारी दारात बोहारीण यायची. जुनी साडी, विजार आणि वर आणखी एखादा सदरा घेऊन ती एक पातेले द्यायची, आणि त्यावरून तासभर घासाघीस चालायची. डबा-बाटलीवाला, रद्दीवाला हे त्याच कुळातले. ज्याला कुठेच गिऱ्हाईक नाही, ते मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी विकले जाई. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. तिथला उत्तम कागद सुती चिंध्यांपासून बनत आला आहे. म्हणजे चिंधीचा कागद, कागदाची रद्दी, रद्दीचा पुठ्ठा, असे हे चक्र फार पूर्वीपासून फिरत आहे.

मग बदलले काय? बदलला तो माल, आणि तो गोळा करणारी माणसे. बोहारीण दारात येऊन मोबदला देऊन वस्तू घेत असे. शहर वाढले, वस्तू बांधून येऊ लागल्या, प्लॅस्टिक आले, आणि घरातल्या वस्तू कचराकुंडीत पडू लागल्या. त्या कुंडीतून उचलणारी एक नवी जमात तयार झाली. १९७२च्या दुष्काळात गावे सोडून जी कुटुंबे पुण्यात आली, त्यांतल्या अनेक बायका या कामाला लागल्या. बहुतेक दलित समाजाच्या, बहुतेक निरक्षर. या कामाला भांडवल लागत नव्हते, ओळख लागत नव्हती. एक पोते पुरत होते. माझी आई त्यांतलीच. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातून ती आली, ती पाठीवर पोते घेऊनच पुणे शिकली.

दिवसभर वेचलेला माल संध्याकाळी दुकानात जायचा. दुकानदार काट्यावर टाकायचा आणि आकडा सांगायचा. तो आकडा खरा की खोटा, हे आईला कळायला मार्ग नव्हता. पण तरीही ती दुसऱ्या दुकानात जात नसे, कारण त्या दुकानदाराची उचल तिच्या अंगावर असायची. पावसाळ्यात माल भिजतो, आजारपण येते, लेकीचे लग्न निघते, तेव्हा बँक नव्हे, भंगारवालाच पैसे द्यायचा. व्याज लावायचा नाही. ते तो काट्यातून आणि भावातून काढायचा. या धंद्यातली सगळी ताकद त्या उचलीत होती. काट्यातली खोट सहन व्हायची ती त्यामुळेच.

या परिस्थितीला धक्का बसला तो नव्वदच्या दशकात. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या दोघीजणी कचरावेचकांच्या वस्त्यांवर पोहोचल्या. गेल्या होत्या अक्षरे शिकवायला. पण बायकांचा प्रश्न वेगळा होता. कुंडीत हात घालण्याऐवजी घरातूनच सुका माल वेगळा मिळाला तर? तसे काही सोसायट्यांत सुरूही झाले. एवढ्यात त्याच भागात एका खासगी उद्योजकाने गाडी लावून कचरा उचलण्याचे काम सुरू केले, आणि बायकांच्या तोंडचा घास जाण्याची वेळ आली. तेव्हा एकेकटीने रडण्यात अर्थ नाही, हे सगळ्यांना उमगले. मे १९९३ मध्ये पुण्यात हमालांचे नेते डॉ. बाबा आढाव आणि स्वतः कचरावेचक आईचे चिरंजीव असलेले मोहन ननावरे यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची परिषद भरली. आठशेहून अधिक जणी-जण जमले आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. आई त्या परिषदेला गेली होती. परत आल्यावर तिने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: "आपण कचरा करत नाही, आपण कचरा कमी करतो."

पुढे दोन-तीन वर्षांत पुणे महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट लहान वाटेल. पण तोवर पहाटे पोते घेऊन निघालेल्या बाईला कोणीही चोर म्हणून हटकत असे. गळ्यात कार्ड आले आणि तिला उत्तर देता येऊ लागले. पंचायतीने बचतीची सोय केली, म्हणजे उचलीचा फास सैल झाला. स्वतःची भंगार दुकानेही काढली. तिथे वजन चोख, आणि नफ्यातला वाटा माल घालणाऱ्यांना. एका ठिकाणी खरे वजन मिळते म्हटल्यावर शेजारच्या दुकानदारालाही सुधारावे लागते. मी धंद्यात पडले, तेव्हा हे वारे वाहू लागले होते.

आम्ही कात्रजला दुकान टाकले ते १९९८ मध्ये. कात्रज त्याच्या आदल्याच वर्षी महापालिकेच्या हद्दीत आले होते. या गावाचा आणि शहराचा संबंध जुना. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी इथे तलाव बांधून नळाने पुण्याच्या हौदांना पाणी नेले. तेव्हा उतारावरून पाणी शहरात गेले. आमच्या काळात शहरच चढावर आले. पेठांमध्ये माल पसरायला जागा उरली नव्हती. इथे मोकळी जागा होती, सातारा रस्ता होता, कोंढव्याकडे जाणारा रस्ता होता, टेम्पो दारापर्यंत येत होता. पत्र्याची शेड, अनामत रक्कम, वजनमापे खात्याचा शिक्का असलेला काटा आणि आठ दिवस रोख खरेदी करता येईल एवढे पैसे, या तयारीवर आम्ही उभे राहिलो. यातले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. वेचणारी बाई उद्याच्या वायद्यावर माल घालू शकत नाही. मोठा व्यापारी मात्र पैसे आठवड्याने देतो. मधला आठवडा आपल्या खिशातून काढावा लागतो.

नफ्याबद्दल लोकांच्या फार कल्पना असतात. उदाहरणादाखल हिशेब सांगते. शंभर किलो पुठ्ठा दहा रुपये दराने घेतला, हजार रुपये गेले. बारा रुपयांनी विकला. पण व्यापारी ओलाव्याचा, चिकटपट्टीचा कडता कापतो. सहा किलो गेले, तर चौऱ्याण्णव किलोचे ११२८ रुपये आले. वरच्या १२८ रुपयांत भाडे, हमाली, टेम्पो आणि बांधणीची सुतळी. खरी कमाई होते ती निवडण्यात. लोखंड वेगळे, बीड वेगळे, तांबे, पितळ, जर्मनची भांडी वेगळी. प्लॅस्टिकमध्ये तर दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, कडक माल असे कितीतरी प्रकार. एकत्र विकले तर मातीमोल. निवडून विकले तर भाव येतो. हे निवडण्याचे कसब आईकडून आले. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून ती प्लॅस्टिकची जात सांगत असे.

आमचा भाव मात्र आमच्या हातात नसतो. २००८च्या अखेरीस जगात मंदी आली आणि रद्दीचा भाव कोसळला. अमेरिकेतल्या बँकांचे पाप कात्रजच्या पुठ्ठ्यावर कसे आले, हे वेचणाऱ्या बायकांना समजावणे कठीण गेले. २०१८च्या सुरुवातीपासून चीनने परदेशी कचऱ्याला दार बंद केले, तेव्हा जगभरची रद्दी इतर देशांकडे वळली, त्यांत आपणही होतो. २०२०च्या टाळेबंदीत तर शेडला कुलूपच लागले. कायद्याचेही भान ठेवावे लागते. चोरीचा माल घेणे हा गुन्हा आहे; पूर्वी भारतीय दंडसंहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. त्यामुळे गटाराचे झाकण किंवा नवी कोरी वायर घेऊन कोणी आला, तर मी काट्याला हात लावत नाही. २०२४च्या ऑक्टोबरपासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्यावरचा वस्तू व सेवा कर स्वतः भरावा लागतो. साहजिकच तो ते भावात धरतो.

आणखी एक वळण सांगितले पाहिजे. २००८ मध्ये कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला आणि कुंडीत वाकणाऱ्या बायका घरोघरी जाऊन कचरा घेऊ लागल्या. नंतर २०११च्या सुमारास आमच्या कात्रज प्रभागात महापालिका, जनवाणी, कमिन्स इंडिया आणि स्वच्छ यांनी मिळून 'शून्य कचरा' प्रकल्प राबवला. ओल्या कचऱ्यासाठी बायोगॅसचा प्रकल्प आला आणि सुका माल वेचकांकडे राहिला. दुकानदार म्हणून मला त्याचा फरक काट्यावरच दिसला. भाजीच्या पाण्यात भिजलेला पुठ्ठा आणि कोरडा पुठ्ठा यांत कडत्याचा फरक पडतो, आणि तो कडता सरतेशेवटी वेचणाऱ्या बाईच्याच पदरातून जात असतो.

माझी आई आयुष्यभर काट्याच्या त्या बाजूला उभी राहिली आणि मी या बाजूला बसते. दुकान टाकले त्या दिवशी तिने काही उपदेश केला नाही. आधी काटा रिकामा दाखव, मग माल ठेव, एवढेच म्हणाली. तेव्हापासून आमच्याकडे आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूला वळवलेला असतो, आणि दिवसाचे भाव पाटीवर लिहिलेले असतात. जिला वाचता येत नाही, तिला ते वाचून दाखवले जातात. आता कंपन्यांच्या गाड्या, मोठी यंत्रे, ठेकेदार यांची चर्चा अधूनमधून उठते. यंत्राला माझा विरोध नाही; पण सगळे एकत्र दाबून नेणारी गाडी आली, की निवडण्याचे कसब आणि त्यावर चालणारी घरे दोन्ही मोडीत निघतात. आणि या मोडीला कोणी भाव देत नाही.

म्हणून आपल्याला एवढेच सांगणे, की पुठ्ठा कोरडा ठेवा, फुटकी काच कागदात गुंडाळून वर तसे लिहा, दुधाची पिशवी धुऊन टाका. आपल्या घरात यासाठी दोन मिनिटे जातात. ती बाई संध्याकाळी काट्यासमोर उभी राहते, तेव्हा त्या दोन मिनिटांचे वजन भरते.